शिपायाच्या घोट्यातली चीर

मार्चमधल्या एका मंगळवारी लोवेटच्या कोर्टासमोर उभ्या असलेल्या शिपायाच्या पुतळ्याच्या डाव्या घोट्यातून जस्ताचा एक तुकडा निघाला आणि खाली दगडी पायरीवर पडला. तळहाताएवढा असेल. लग्नाचा परवाना घ्यायला आलेल्या एका जोडप्याने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि आत जाऊन खिडकीवर ठेवला. तासाभरात तो तुकडा काउंटी मंडळाचे अध्यक्ष डेल क्रीकमोर यांच्या हातात होता आणि क्रीकमोर जोनेल रॅस्कोच्या टेबलासमोर उभे होते.

"हे तुमच्या खात्याचं काम," ते म्हणाले. "बघा, मोजा, काय ते लिहून द्या. पण सावकाश, नीट. उगाच बोभाटा नको."

जोनेल काउंटीची इमारत निरीक्षक. वय चौतीस. कुणी घरामागे ओटा बांधला, तंबाखूच्या जुन्या कोठाराचं उपाहारगृह केलं, की ती पट्टी आणि ओळंबा घेऊन हजर. तिच्या स्वतःच्या चर्चचा व्हीलचेअरचा उतार तिने दोनदा नापास केला होता, तेव्हापासून पाद्रीबुवा तिला भर प्रार्थनेत "देवालाही सवलत न देणारी आमची भगिनी" म्हणत.

तुकडा तिने भिंगाखाली धरला. आतल्या बाजूला पांढरी भुकटी होती आणि भुकटीखाली राखाडी, खरखरीत असं काहीतरी चिकटलेलं. ते जस्त नव्हतं.

तिने भिंग पुसलं आणि तुकडा पुन्हा उजेडात धरला. त्याला कारण होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, काळ्या लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध देशभर मोर्चे निघाले तेव्हा लोवेटमध्येही निघाला होता. गुलामी टिकावी म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा शिपाई न्यायालयाच्या दारात कशाला, असं विचारत तीनशे माणसं ओकच्या झाडाखाली उभी राहिली. मंडळाच्या वकिलाने हात वर केले. राज्याचा कायदा होता : असं स्मारक हलवता येत नाही, मग गावाला कितीही वाटो. कायद्यात एकच फट होती. इमारत निरीक्षकाने लेखी दिलं, की स्मारकापासून लोकांच्या जिवाला धोका आहे, तर मंडळाला ते उतरवता येतं.

सगळ्यांनी जोनेलकडे पाहिलं. चर्चमधल्या बायका तिच्या घरी रताळ्याची पाय-पेस्ट्री घेऊन आल्या. "चार ओळी लिहायच्यात, बाई. कोण मोजायला जाणार आहे?"

जोनेल गेली, शिडी लावली, ओळंबा सोडला. शिपायाचा कल अर्ध्या अंशाहून कमी. नुकताच रंग दिलेला, त्यात चीर दिसेना. तिने लिहिलं : धोका आढळला नाही. त्यानंतर वर्षभर चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच बसायची. तिचे वडील एज्रा ऐंशीच्या पुढचे, त्यांनी तिला एक शब्द विचारला नाही, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

आता मात्र चीर होती.

बुधवारी सकाळी तिने पुन्हा शिडी लावली. लाकडी हातोडीने पायापासून वर ठोकत गेली. पोकळ जस्त घंटेसारखं वाजायला हवं. हा शिपाई पोटरीला बद्द वाजला, मांडीला बद्द, छातीलाही बद्द. फक्त टोपीपाशी थोडा आवाज निघाला. घोट्यातली चीर चार मिलिमीटर रुंद आणि कोटाच्या मागच्या सांध्यात दुसरी, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. कल आता दोन अंशांच्या वर गेला होता.

"त्याला लागेल ना, बाळ, हळू ठोक," खालून आवाज आला.

मिस लुसिल ग्रिम्सली खाली उभ्या होत्या, फिकट निळ्या स्वेटरमध्ये, हातात चीजच्या बिस्किटांचा डबा. ज्या महिला मंडळाने एकोणीसशे नऊ साली हा शिपाई उभा केला, त्याच्या त्या आता अध्यक्ष. सभासद उरल्या होत्या सात. दर दहा मेला त्या इथे पुष्पचक्र ठेवत. जोनेलला चौथीत भागाकार त्यांनीच शिकवला होता.

"माझ्या आजीने केक विकून उभा केलाय त्याला," मिस लुसिल म्हणाल्या. "तीन वर्षं केक विकत होत्या बाया."

"मिस लुसिल, रागावणार नसाल तर एक विचारते. याची टोपी, याचा कोट... हा उत्तरेचा शिपाई आहे."

मिस लुसिलनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. "शू! मला सत्तर सालीच कळलंय. कारखाना कनेक्टिकटमधला. त्यांच्या पुस्तकात एकच पोरगा होता, पट्ट्यावरची अक्षरं तेवढी बदलून द्यायचे. कुणाला बोलले नाही मी." मग जरा थांबून, "पोरं काय, सगळीकडची सारखीच दिसतात."

"मग त्याच्यासाठी एवढं कशाला?"

"तो माझ्या आजीचा आहे म्हणून," मिस लुसिल म्हणाल्या, आणि डबा शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवला. "गरम आहेत तोवर खा. वाळलीस किती."

दुपारी जोनेल ग्रंथालयात गेली. हे अहवालाला लागत नव्हतं; तिलाच कळून घ्यायचं होतं. युद्ध संपलं अठराशे पासष्टला. ज्यांची मुलं मेली त्या आया स्मारक मागतील हे समजण्यासारखं होतं, पण मग चव्वेचाळीस वर्षं का थांबल्या? जुन्या साप्ताहिकाच्या फिल्मवर तिला उद्घाटनाचा अंक मिळाला. बँडची नावं, लिंबू सरबताच्या टाक्या, पांढऱ्या कपड्यांतल्या तेरा मुली. आणि न्यायाधीशांचं भाषण. ते म्हणाले होते, हा शिपाई मेलेल्यांसाठी नाही, या दारातून आत येणाऱ्यांसाठी आहे. नऊ वर्षांपूर्वी आपण मतपेटी स्वच्छ केली, ती कुणी स्वच्छ केली हे त्यांना रोज दिसत राहावं.

एकोणीसशे साली मतदारयादीतून नाव उडवलेल्या काळ्या माणसांत जोनेलचे पणजोबा होते. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. दोन गोष्टी एकाच दशकातल्या आहेत हे मात्र तिने आज पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. तिने पान छापून घेतलं आणि पिशवीत टाकलं. अहवालाच्या नमुन्यात कल, भार, चीर, पाया असे रकाने होते. या पानाला रकाना नव्हता.

तिथून ती वडिलांकडे गेली. एज्रा रॅस्को पुढच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. साठ वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. बोटं आता सरळ होत नव्हती, पण शेंगा सोलायला वाकडी बोटंच बरी, असं ते म्हणायचे.

"गावभर झालंय," ते म्हणाले. "साहेबाचा पाय दुखतोय म्हणे."

"घोटा फुटलाय, डॅडी. पण एक कोडं आहे. असे शिपाई कारखान्यातून पोकळ येतात. हा भरीव वाजतोय. कुणीतरी आत काहीतरी भरलंय, आणि त्याची नोंद कुठेच नाही."

एज्रांचे हात थांबले. समोरून शेजारची बाई हात हलवून गेली, तिला त्यांनी हात हलवला नाही.

"मानेपर्यंत," ते म्हणाले.

"काय मानेपर्यंत?"

"भरलाय. टोपी सोडवून वरून ओतलं. एक सिमेंट, दोन वाळू, तीन खडी. एकसष्ट साल. युद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून त्यांना उत्सव करायचा होता, आणि हा गडी गुडघ्यात जरा वाकायला लागला होता. बायका म्हणाल्या, मजबूत करा. ठेकेदार म्हणाला, भरून टाकू." त्यांनी एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "बादल्या वर कोण नेत होतं, विचार."

जोनेलने त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"तेवीस वर्षांचा होतो. तुझा लिनवुडकाका अठ्ठावन्नमध्ये त्याच जोत्यावर बसला होता. बूट चावत होता म्हणून बसला, बाकी काही नाही. तीस दिवस रस्त्यावर खडी फोडायला लावली. सुटला तसा न्यूअर्कला गेला, तो परत आलाच नाही. आईच्या मातीलासुद्धा नाही. आणि तीन वर्षांनी मी त्याच साहेबाच्या पोटात बादल्या ओतत होतो. मन लावून ओतत होतो, नेल. काठी घालून हवा काढत होतो, पोकळी राहू नये म्हणून. काम म्हटलं की मला वाईट करताच येत नाही."

"तुम्ही मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," एज्रा म्हणाले. "आणखी काय."

जोनेल त्यांच्या शेजारी बसली. मग तिने त्यांना जे माहीत नव्हतं ते सांगितलं. जस्त उन्हाने फुगतं आणि थंडीने आकसतं; काँक्रीटही फुगतं-आकसतं, पण जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. दर हिवाळ्यात बाहेरचं जस्त आतल्या भरीव गाभ्यावर आवळतं, त्याला आत सरकायला जागा नसते, मग ते सांध्यावर फाटतं. फटीतून पाणी शिरतं. ओलं काँक्रीट जस्ताला आतून खातं. आणि जो सांगाडा दीडदोनशे किलोचा, तो आता सहाशेचा झालाय, दोन घोट्यांवर.

एज्रा ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं.

"म्हणजे भरला म्हणून फुटला?"

"भरला म्हणून फुटला. पोकळ असता तर वाकला असता, पण असा फुटला नसता."

"म्हणजे मी पाडतोय त्याला. साठ वर्षांपासून."

"तसंच म्हणा."

ते हसले. दम लागेपर्यंत हसले, मांडीवरच्या शेंगा ओट्यावर सांडल्या. "लिहून टाक," ते म्हणाले. "माझं नाव घाल. एज्रा टी. रॅस्को, गवंडी. मिश्रण कसं होतं तेही लिही. मला त्या सभेत बसायचंय. मी जिवंत असताना तो उतरलेला बघायचाय, एवढंच आहे आता."

जोनेलने अहवाल अकरा पानांचा केला. मोजमापं तीनदा घेतली, फोटोंवर पट्टी ठेवून घेतले. निष्कर्षात लिहिलं : स्मारक सध्याच्या स्थितीत सार्वजनिक सुरक्षेला धोकादायक आहे. ते वाक्य टाइप करून तिने दोनदा वाचलं, कारण ते खरं होतं, आणि तिला हवंही होतं. या दोन गोष्टी तिच्या नोकरीत क्वचितच एकत्र आल्या होत्या.

शेवटच्या पानावर नेहमीचा रकाना होता : उपाय. तिने लिहिलं, एक, उतरवणे. मग थांबली. प्रत्येक इमारतीच्या अहवालात ती सगळे शक्य उपाय लिहीत असे. न लिहिले तर अहवाल अपुरा. काँक्रीट फोडून काढता येतं. आत स्टीलचा खांब बसवता येतो. सांधे पुन्हा जोडता येतात. तिने लिहिलं, दोन, दुरुस्ती : शक्य आहे.

सभा एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी होती. खुर्च्या कमी पडल्या. एज्रा पांढरा शर्ट आणि चर्चचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते, हात गुडघ्यांवर. मिस लुसिल त्यांच्या मागच्या रांगेत. दोघांनी एकमेकांना मान लववून नमस्कार केला. साठ वर्षं एकाच गावात राहणारी माणसं करतात तसा.

क्रीकमोर यांनी अहवाल वाचला. चांगला वाचला, आकडे चुकवले नाहीत. "एज्रा टी. रॅस्को, गवंडी" म्हणताना त्यांनी मान वर करून एज्रांकडे पाहिलं. "या मंडळावर गेली दोन वर्षं आरोप होतोय, की आम्ही शास्त्राचं ऐकत नाही," ते म्हणाले. "आज आमच्यासमोर शास्त्र आहे. निरीक्षकबाई सांगतात, धोका आहे. आम्ही मान्य करतो. धोका दूर केला पाहिजे, याबद्दल कुणाचं दुमत नाही ना?"

कुणाचं नव्हतं. एज्रांनी जोनेलकडे वळून पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"पान अकरा," क्रीकमोर म्हणाले. "उपाय क्रमांक दोन."

जोनेल उठली. "अध्यक्षमहाराज, उपाय क्रमांक एक आधी आहे."

"आधी आहे म्हणजे तो बरा आहे, असं लिहिलंय का?"

"नाही."

"दुरुस्ती केल्यावर तो सुरक्षित होईल का? होईल किंवा नाही, एवढंच सांगा, बाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "नाही म्हण, जोनेल!" दुसरा म्हणाला, "हिला खोटं बोलायला पण शिकवलं नाही कुणी!" थोडं हसू झालं, मग थांबलं. तिला आपल्या पिशवीतलं ते छापलेलं पान आठवलं. ते काढून वाचावं असं वाटलं. पण विचारलेलं ते नव्हतं.

"नीट केली तर होईल," ती म्हणाली. "पण धोका हा एकच प्रश्न नाहीये. तो इथे का उभा केला, तेही—"

"तो प्रश्न आज कार्यक्रमपत्रिकेवर नाही."

तीन हात वर गेले, दोन खाली राहिले. उतरवायचा नाही, दुरुस्त करायचा. महिला मंडळाने देणग्या गोळा करायला परवानगी मागितली, ती मिळाली. शेवटी क्रीकमोर यांनी आभार मानले : "विशेष आभार श्री. रॅस्को यांचे. आत किती आणि कसलं काँक्रीट आहे हे त्यांनी सांगितल्यामुळे दुरुस्तीचं काम फार सोपं होणार आहे."

काहींनी टाळ्या वाजवल्या. एज्रा बसूनच राहिले. मिस लुसिल पुढे वाकून त्यांच्या खांद्याला हात लावत म्हणाल्या, "एज्रा, तुम्ही त्याला वाचवलंत हो." त्या मनापासून बोलत होत्या.

गाडीत एज्रांनी बराच वेळ पट्टा लावला नाही.

"दुसरा लिहिलासच कशाला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. पोरं विचारतात तसं विचारलं.

"होता म्हणून लिहिला, डॅडी."

"हं," ते म्हणाले. "मी काठी घालून हवा काढत होतो तसंच."

देणग्या सहा आठवड्यांत जमल्या. शिपायाच्या नावाने इतकं प्रेम आसपासच्या चार काउंट्यांत होतं, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. जूनमध्ये राजधानीच्या शहरातून एक जीर्णोद्धार करणारी कंपनी आली. त्यांनी शिपाई आडवा केला, पोट फोडून एज्रांचं काँक्रीट ढेकळाढेकळाने काढलं आणि एका ट्रकमध्ये भरून नेलं. काही आठवडे जोत्यावर कुणीच नव्हतं. लोक कोर्टात जाताना तिथे पाहत, आणि जुन्या सवयीने वळसा घालून जात. एज्रा रोज सकाळी कुणाला तरी गाडी चालवायला लावून तिथे जायचे आणि ओकखाली पंधरा मिनिटं बसून यायचे. जोनेलने त्यांना कधी म्हटलं नाही, की हे थोड्या दिवसांचं आहे. त्यांना माहीत होतं.

ऑगस्टमध्ये शिपाई पुन्हा बसवायच्या परवानगीचा अर्ज तिच्या टेबलावर आला. सोबत नकाशे. आत स्टीलचा खांब, खांबाखाली स्टीलची पट्टी, आणि पट्टी ग्रॅनाइटच्या जोत्यात चार बोल्टनी जखडलेली. काम सुबक होतं. तिने आकडे तपासायला घेतले. तिसऱ्या पानावर तिचा हात थांबला.

बोल्ट चार इंच खोल दाखवले होते.

तिने वाऱ्याचा भार पुन्हा मांडला. रोजच्या वाऱ्याला चार इंच पुरतील. जोराच्या पावसालाही पुरतील. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्रावरून वादळ येतं, कधी कधी थेट लोवेटपर्यंत पोचतं. तसं वादळ आलं तर चार इंचांचे बोल्ट उपसून येतील आणि शिपाई तोंडावर आपटेल. पहिल्या नाही तर तिसऱ्या, चौथ्या वादळात. कंपनीच्या अभियंत्याची चूक. खाली त्याची सही आणि शिक्का. तिच्याकडे दिवसाला असे तीस नकाशे येत. एखादा आकडा नजरेतून सुटला, असं कुणालाही वाटलं असतं.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. डोळ्यांपुढे रिकामं जोतं आलं. वादळ आलंय, कोर्ट बंद आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तो पडतोय. मग तिने प्रामाणिकपणे दुसरंही डोळ्यांपुढे आणलं. वादळात लोक कुठे जातात? पक्क्या इमारतीत. लोवेटमध्ये पक्की इमारत एकच, कोर्ट. दार एकच उघडं ठेवतात, समोरचं. कोण पळत येईल त्या दाराकडे, कितव्या मिनिटाला, हे कुठल्याच समीकरणात बसत नव्हतं.

तिने लाल पेन काढलं. चारावर काट मारली, वर आठ लिहिलं, गोल केला आणि समासात कारण दिलं. अर्ज परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमचे पाय धरले पाहिजेत. आमच्याकडे तिघांनी बघितलं होतं ते, कुणाच्या लक्षात आलं नाही. आता शंभर वर्षं हलत नाही हा!"

"बरं," जोनेल म्हणाली.

रविवारी ती वडिलांकडे जेवायला गेली. कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा ब्रेड, तळलेला मासा. एज्रा जेवत कमी होते, पण काटा चालवत होते.

"अर्ज आला म्हणे," त्यांनी विचारलं. "पास केलास?"

"नाही. परत पाठवला."

काटा थांबला. ओट्यावर बसून हसले होते तेव्हाचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर परत येऊ लागलं. "परत पाठवला? का?"

"बोल्ट आखूड होते, डॅडी."

"मग?"

"लांब घालायला सांगितलेत."

एज्रांनी काटा खाली ठेवला. त्यांची वाकडी बोटं टेबलाच्या कडेवर हळूहळू काहीतरी मोजत होती.

"किती?"

"आठ इंच."

"ग्रॅनाइटमध्ये?"

"ग्रॅनाइटमध्ये."

ते गवंड्यासारखे विचारात पडले. तिला दिसत होतं, की त्यांना विचार करायचा नाहीये, पण केल्याशिवाय राहवत नाहीये.

"आठ पुरतील," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ग्रॅनाइटमध्ये आठ पुष्कळ झाले."